वन बाय वॅकॉमवर लग्नपत्रिका: टॅब्लेट, क्रिटा आणि इंकस्केप कामाला कसे आहेत

निकाल आधीच सांगते. मराठी अक्षरं हातानं काढून छपाईला द्यायची असतील, तर वॅकॉमचा सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त पेन-टॅब्लेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनानं लिहायची बिनपडद्याची पाटी, पुरतो. अडतं ते टॅब्लेटवर नाही. अडतं ते अक्षर संगणकात शिरल्यापासून प्रेसमध्ये पोचेपर्यंतच्या वाटेवर. म्हणून टॅब्लेटसोबत मी वापरते त्या दोन फुकट सॉफ्टवेअरबद्दलही इथे लिहिते आहे. नुसत्या पेनाचं कौतुक करून कुणाची पत्रिका छापून होत नाही.

माझं काम म्हणजे लग्नपत्रिका, मुंजीची-बारशाची निमंत्रणं, गणेश मंडळांचे अहवाल नि फ्लेक्स, आणि वर्षातून एखाद्या दिवाळी अंकाचं शीर्षक. मिरजेत घरूनच करते, छपाई सांगलीला. पूर्वी सगळं कागदावर चालायचं: बोरूनं किंवा कट-निबनं लिहायचं, स्कॅन करायचं, कोरेलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करायचं, म्हणजे स्कॅनवरून अक्षराच्या कडा रेघांत उतरवून घ्यायच्या. ट्रेसमध्ये कागदाचा खरखरीतपणाही अक्षरात उतरतो, एकेका वेलांटीवर शंभर-शंभर नोड, म्हणजे रेघ वळवणारे बिंदू, येतात, आणि ते पुसत बसण्यात संध्याकाळ जाते. त्या कटकटीला वैतागून टॅब्लेट घेतला.

आमचा भाचा आर्किटेक्चरला आहे. त्याचं एकच पालुपद: "मावशी, आयपॅड घे, प्रोक्रिएट टाक, विषय संपला." आयपॅड उत्तम आहे, वाद नाही. पण आयपॅड आणि त्याची पेन्सिल मिळून जी रक्कम होते, तेवढ्यात माझी अख्खी लग्नसराई निघते. आणि प्रोक्रिएटमध्ये काढलेलं शेवटी पिक्सेलच असतं, ठिपक्यांचं, मोठं केलं की फाटणारं. माझं एकच "शुभविवाह" आज पाकिटाच्या कोपऱ्यात बोटाएवढं जातं आणि परवा कार्यालयाच्या दारावरच्या फ्लेक्सवर पाच फुटी होतं. मला शेवटी वेक्टरच लागतं, रेघांच्या हिशेबानं साठवलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं. मग तिथवर कमी खर्चात का जाऊ नये?

तर टॅब्लेट. नाव वन बाय वॅकॉम, लहान साइझ, मॉडेल सीटीएल-४७२. मला चार हजारांच्या आत पडला. वजन पाव किलोच्या आसपास, जाडी नऊ मिलिमीटरहून कमी. काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. दाबाच्या पातळ्या २०४८. हल्ली दुकानदार ८१९२ चा आकडा तोंडावर फेकतात. अक्षरं लिहिणाऱ्यानं त्याला भुलू नये. बोरूच्या लिपीत जाड-बारीक होतं ते पेनाच्या कोनामुळे, दाबामुळे फार थोडं. दाब लागतो चित्राला, केसांच्या बटांना, मोराच्या पिसाऱ्याला. आणि तिथेही २०४८ आणि ८१९२ मधला फरक माझ्या हाताला तरी कळत नाही.

याचा खरा गुण पेनात आहे. पेनात बॅटरी नाही, चार्जिंग नाही. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालच्या तारांमधून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर पेन चालतं, त्यामुळे ते हलकं आहे आणि ऐन कामात मान टाकत नाही. याआधी एका दुसऱ्या, नाव घेण्याजोग्या नसलेल्या कंपनीचं सेलवालं पेन वापरून झालं होतं. त्याचा सेल नेमका मुहूर्ताच्या आदल्या रात्री संपायचा. इथे ती भीतीच नाही. टोक पृष्ठभागापासून सात मिलिमीटर वर असलं तरी पडद्यावर कर्सर दिसतो, म्हणजे टेकवण्याआधी हात कुठे आहे ते कळतं. शिरोरेषेला मात्रा जोडताना हे फार उपयोगी पडतं.

काय नाही तेही ऐका. पेनाच्या मागच्या टोकाला खोडरबर नाही. टॅब्लेटवर एकही बटण नाही, त्यामुळे डावा हात कीबोर्डवर ठेवावाच लागतो. केबल मायक्रो यूएसबीची आहे, आता घरातल्या बाकीच्या सगळ्या वायरी टाइप-सी झाल्यात. आणि पेन ठेवायला बाजूला जी कापडी पट्टी दिली आहे, तिच्यावर विसंबू नका. घरात लहान मूल असेल तर पेन कपाटातच बरं.

पृष्ठभाग किंचित खरखरीत आहे. कागदावर लिहिल्यासारखं वाटावं म्हणून तो तसा ठेवलाय, पण त्यानं निब झिजते, तिला तिरकी धार येते आणि मग ती धार पृष्ठभाग ओरखडते. डब्यात तीन जादा निबा आणि जुनी उपटायचा छोटा चिमटा येतो. माझा उपाय: ओएचपीची पारदर्शक शीट कापून वर चिकटवली आहे. पेन त्यातून व्यवस्थित चालतं, निब टिकते. साधा कागद टाकला तरी चालतं. कधी कधी मी जुन्या पत्रिकेचा प्रूफ टाकून त्यावरून गिरवतेसुद्धा.

विकत घेतल्यावर पहिलं काम कुठलं, तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण पक्कं करण्याची खूण करणं. हे कुणी सांगत नाही. टॅब्लेटची जागा १६ बाय १० च्या प्रमाणात आहे आणि बहुतेकांचा मॉनिटर १६ बाय ९ चा. ती खूण केली नाही तर टॅब्लेटवर काढलेला गोल पडद्यावर सुमारे ११ टक्के आडवा फुगतो. रोमन अक्षरात ते खपून जाईल. आपल्या "व"ची पोटली, "ळ"ची दोन वाटोळी, अनुस्वाराचं टिंब, सगळं चपटं होतं आणि हात कुठे चुकतोय ते काही केल्या उमगत नाही. खूण केली की टॅब्लेटची खालची थोडी पट्टी वाया जाते. जाऊ दे.

हात खाली आणि डोळे वर, ही सवय व्हायला साधारण पंधरा-वीस दिवस लागतात. त्या दिवसांत पैशाचं काम अंगावर घेऊ नये.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्त आहे, केडीई या जुन्या मुक्त सॉफ्टवेअर समूहातून आलेलं. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर आणि स्टीमवर तेच पैसे देऊन मिळतं. ज्यांना देणगी द्यायची त्यांनी तिथून घ्यावं, नाहीतर त्यांच्या संकेतस्थळावरून सरळ उतरवून घ्यावं, दोन्ही एकच. विंडोजवर पेनाचा दाब लागत नसेल तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विंटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एकानं होत नसेल तर दुसरा निवडा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. दहातल्या नऊ तक्रारी तिथेच मिटतात.

क्रिटात हात थरथरू नये म्हणून स्टॅबिलायझर आहे. लांब वेलांटी किंवा "श्री"चा खाली वळणारा फराटा काढताना तो चालू करायचा, बारीक कामाला बंद ठेवायचा. शिरोरेषेसाठी असिस्टंट नावाचं हत्यार आहे. त्यातली समांतर पट्टी टाकली की ब्रश तिला धरून सरळ जातो, तरी हाताचा जिवंतपणा थोडा राहतो. गणपतीच्या चित्रात एक बाजू काढायची नि आरसा लावून दुसरी आपोआप घ्यायची, तेही आहे. सोंड मात्र आरसा बंद करून काढावी, हे सांगायला नको.

पण अक्षर लिहिणाऱ्यासाठी खरी गोम ब्रशच्या कोनात आहे. कॅलिग्राफीचे जे तयार ब्रश मिळतात ते रोमन अक्षरांच्या हिशेबानं बनवलेले असतात. चपट्या निबचा कोन असा की डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि वर चढणारी बारीक. देवनागरीचा बोरू उलटा कापतात. आपला जाडपणा दुसऱ्या तिरक्यावर पडतो. त्या तयार ब्रशनं "क" काढून बघा. सगळं नीट काढलेलं असूनही अक्षर परकं दिसतं, कुणीतरी इंग्रजी शाळेतून आल्यासारखं. उपाय सोपा आहे: ब्रश एडिटरमध्ये जा, टोकाचं प्रमाण कमी करून त्याला चपटं करा, आणि कोन आरशात बघितल्यासारखा फिरवा. पंचेचाळीस अंशांच्या आसपास सुरुवात करून आपल्या हाताला रुचेल तिथे थांबा. मी तीन ब्रश करून ठेवलेत, शीर्षकाचा रुंद, नावांचा मध्यम आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून"साठी बारीक.

इंकस्केप या फुकट वेक्टर सॉफ्टवेअरमध्येही हेच. त्याच्या कॅलिग्राफीच्या हत्यारात कोन आधीपासून ३० असतो. तो उणे करा, उणे चाळीस-पंचेचाळीस. फिक्सेशन नावाचा आकडा शंभराजवळ ठेवला की निब हातात न फिरता एकाच कोनात राहते, म्हणजे बोरूसारखी. इंकस्केपमध्ये लिहिण्याचा फायदा असा की लिहिलेलं तिथल्या तिथे वेक्टर असतं, ट्रेस करायची भानगडच नाही. तोटा असा की जुन्या लॅपटॉपवर पेन पुढे आणि रेघ मागे असं होतं, आणि वळणावर नको तेवढे नोड पडतात. कंट्रोल-एल दाबून ते कमी करता येतात, पण एकदाच. दुसऱ्यांदा दाबलंत की "श्री"च्या टोकाची धार बोथट होते.

त्यामुळे माझी पद्धत अशी पडली आहे: घाटदार, ठसठशीत शीर्षक सरळ इंकस्केपमध्ये, आणि कोरड्या ब्रशचा फरकाटा, शाईचे शिंतोडे, असा नाटकी मामला क्रिटात. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं बघत जी पिढी वाढली, तिला अक्षरानं भाव दाखवला नाही तर चैन पडत नाही. पत्रिकेला येणारे वधूपिते त्याच पिढीचे. "जरा लेटरिंग पाहिजे, फॉन्ट नको" म्हणतात. धंदा त्यांच्यावरच चालतो.

आता टाइप केलेला मजकूर. इथे क्रिटाला मी कमी मार्क देते. ५.२ आवृत्तीत मजकुराची यंत्रणा नव्यानं बांधली आहे, जोडाक्षरं आता बसतात, पण त्या आवृत्तीत लिहायला वेगळी खिडकी उघडते, तिथे टाइप करायचं, सेव्ह करायचं, मग चित्रावर दिसणार. स्थळ, मुहूर्त, व्याही-विहीण, आप्तेष्ट अशा पंचवीस ओळींच्या मॅटरला हा प्रकार अशक्य आहे. इंकस्केपमध्ये मजकूर जागेवरच टाइप होतो. "वऱ्हाडी मंडळी"तला "ऱ्ह" युनिकोड फॉन्टमध्ये व्यवस्थित उमटतो. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे मुक्ता आणि बालू हे दोन फॉन्ट फुकट आणि देखणे आहेत. पत्रिकेच्या अंगातल्या मजकुराला मुक्ता, मुलांच्या वाढदिवसाला बालू.

फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" तपासून घ्या. पुष्कळ फॉन्ट हिंदीच्या वळणाचे असतात, त्यात देठाचा "ल" आणि गाठीचा "श" येतो. आपला पाकळीचा "ल" आणि शेंडीफोड्या "श". राज्य शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगता येत नाही, पण पत्रिका हातात घेऊन तो म्हणतो, "काहीतरी हिंदी वाटतंय." बरोबर वाटतं त्याला.

आणि आता प्रेस. आपल्याकडच्या छपाईच्या जगात कोरेलड्रॉचं राज्य आहे. ऑपरेटर मजकूर श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतो, फाइल सीडीआर, म्हणजे कोरेलच्या स्वतःच्या प्रकारातली, मागतो. इंकस्केप सीडीआर उघडतं, बऱ्यापैकी उघडतं, पण त्यात सेव्ह करू शकत नाही. जुन्या फॉन्टमधलं मॅटर इंकस्केपमध्ये आलं की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण ते फॉन्ट इंग्रजीच्या घरात मराठीचे आकार बसवून बनवलेले आहेत. उलट, आपलं युनिकोड मॅटर कोरेलच्या जुन्या आवृत्तीत गेलं की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे.

यावर सगळ्या ऑपरेटर लोकांचा एकच मंत्र आहे, "मॅडम, कर्व्ह करून पाठवा." तो मंत्र बरोबर आहे. इंकस्केपमध्ये सगळं निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी, म्हणजे मजकुराचे पाथ, नुसते आकार, होतात, मग पीडीएफ. कर्व्ह करण्याआधीची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची, कारण मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा १२ वाजून ४ मिनिटांवर जाणारच. भटजी आणि मुलाचे काका यांचं एकमत प्रूफ निघाल्यावरच होतं.

रंगाचा भाग जास्त फसवा आहे. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, निघते. प्रेसमध्ये ती सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेली की काळा रंग नुसत्या काळ्या शाईचा न राहता चार शायांचं मिश्रण होतो. मोठ्या शीर्षकाला फरक पडत नाही. पण आठ पॉइंटात लिहिलेल्या निमंत्रकांच्या नावांवर चार प्लेटा केसभर जरी सरकल्या, तरी अक्षराच्या कडेला निळी-गुलाबी झाक येते आणि मजकूर पुसट वाटतो. म्हणून ऑफसेटचं काम असलं की मी शेवटची जुळणी स्क्रायबसमध्ये करते. तेही फुकट आहे, सीएमवायके पीडीएफ देतं, आणि १.६ आवृत्तीत देवनागरी नीट बसते. दिसायला रुक्ष आहे, सरकारी कचेरीच्या फॉर्मसारखं, पण काळा शंभर टक्के काळा राहतो. स्क्रीन प्रिंटिंग किंवा सोनेरी फॉइल असेल तर या कशाचीच गरज नाही. तिथे एका रंगाची फिल्म लागते, इंकस्केपची काळी पीडीएफ पुरे.

क्रिटात मात्र सीएमवायकेत काम करता येतं, आणि आरजीबीत काढताना कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर रंग कसा दिसेल त्याचा अंदाज पडद्यावर मिळतो. पोपटी आणि मोरपंखी हे दोन रंग तिथे मान खाली घालतात. राणी कलर टिकतो. वधूच्या शालूचा फोटो दाखवून "अस्साच मोरपंखी पाहिजे" म्हणणाऱ्या मंडळींना मी आता कंट्रोल-वाय दाबूनच दाखवते, पुढचं बोलणं सोपं होतं.

फ्लेक्ससाठी क्रिटा वापरायचं तर लॅपटॉपची रॅम बघा. दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, धरला तरी ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात, आणि एकेका भरलेल्या लेयरला सुमारे १८० एमबी. मंडळाच्या फ्लेक्सवर बाप्पा, अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आणि "शुभेच्छुक" म्हणून अख्खी गल्ली असते. आठ जीबीच्या मशीनवर वीस लेयर झाल्यावर पंखा ओरडू लागतो. मी बाप्पा क्रिटात काढते, सगळे लेयर एकत्र करून इंकस्केपमध्ये आणते, आणि माणसांची मुंडकी चिकटवायचं काम ऑपरेटरवर सोडते. त्याला त्यातली मानापमानाची वरिष्ठता माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

कुणी घेऊ नये? फोटो रिटच करणाऱ्यानं किंवा ज्याला मनगट न टेकवता खांद्यातून हात फिरवायची सवय आहे त्यानं लहान साइझ घेऊ नये. त्याची मोठी बहीण आहे, सीटीएल-६७२, जागा २१६ बाय १३५ मिलिमीटर, बाकी सगळं तेच. भित्तिचित्रं रंगवणारी माझी एक मैत्रीण लहानावर अर्ध्या तासात वैतागली, तिनं मोठा घेतला. ज्याला पडद्यावरच पेन टेकवायचं आहे त्याला यातलं काहीच आवडणार नाही, त्यानं पैसे साठवून पेन-डिस्प्लेच घ्यावा. आणि ज्याचं रोजचं काम प्रेसमध्ये बसून दुसऱ्याच्या सीडीआर फाइली दुरुस्त करण्याचं आहे, त्याला कोरेल सोडून गत्यंतर नाही. टॅब्लेट तिथेही चालेल, इंकस्केप नाही.

बाकी शिकणाऱ्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी, सुट्टीत मुलांना चित्रकलेसाठी काहीतरी हवं असणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. विंडोज, मॅक, क्रोमबुकवर चालतो. लिनक्सवर तर ड्रायव्हरही टाकावा लागत नाही. घेताना निबांचं एक जादा पाकीट त्याच ऑर्डरीत मागवून टाका, लग्नसराईत सांगली-मिरजेच्या दुकानांत ती मिळायची नाहीत.